उत्तर कोरियाचे रणगाडे: थट्टा आणि धास्ती यांपलीकडे

उत्तर कोरियाच्या स्वदेशी रणगाड्यांविषयी दोन मते रूढ आहेत. पहिल्या मतानुसार ही सारी जुन्या सोव्हिएत सांगाड्यांवर पत्रा चढवून संचलनापुरती उभी केलेली सोंगे होत. दुसऱ्या मतानुसार 10 ऑक्टोबर 2020 रोजी प्याँगयांगच्या संचलनात दिसलेला नवा रणगाडा रशियाच्या टी-14 आर्माटाच्या तोडीचा आहे. ही मते परस्परविरोधी असली तरी दोन्ही केवळ बाह्यरूपावर विसंबतात आणि म्हणूनच दोन्ही लंगडी ठरतात.

पहिल्या मतात तथ्याचा अंश नाही असे नाही. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विकसित झालेला चोनमा-हो हा उघडच सोव्हिएत टी-62 चा वंशज होता. 115 मिलिमीटरची, नळीत चरे नसलेली तीच तोफ आणि प्रत्येक बाजूला भार वाहणारी तीच पाच चाके, ज्यांतील मागच्या तिघांमधले अंतर पुढच्यांपेक्षा जास्त असते. मात्र 2010 च्या संचलनात आलेल्या सोनगुन-होला सहा चाके होती आणि 2020 च्या रणगाड्याला सात. बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, पातळ पत्र्याने हवा तसा मढवता येतो. चाकांचे तसे नाही. अशा रणगाड्यांत प्रत्येक चाकाचा दांडा एका पोलादी कांबीला जोडलेला असतो आणि तळाशी आडवी बसवलेली ती कांब पिळली जाऊन धक्का सोसते. त्यामुळे चाकांची एक जोडी वाढवायची तर सांगाडा लांबवून, भाराची वाटणी नव्याने करून तो पुन्हा घडवावा लागतो. शिवाय मार्च 2024 मध्ये किम जोंग उन हा नवा रणगाडा स्वतः चालवत असल्याचे सरकारी माध्यमांनी दाखवले. निव्वळ सोंगाचा सिद्धान्त येथे टिकत नाही.

दुसऱ्या मताचे खंडन याहून सोपे आहे. आर्माटाचे वैशिष्ट्य त्याच्या निर्मनुष्य बुरुजात असून त्याचे तिन्ही सैनिक सांगाड्यातील चिलखती कप्प्यात बसतात. उत्तर कोरियाच्या रणगाड्यात मात्र बुरुजाच्या झडपांतून सैनिक बाहेर डोकावताना दिसतात, म्हणजे साम्य कातडीपुरतेच उरते. त्यातही लढाईचा निकाल ठरवणाऱ्या गोष्टी छायाचित्रात येतच नाहीत: उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी दुर्बीण, अंतर व वारा हिशेबात घेऊन नेम साधणारी यंत्रणा आणि गोळ्याची भेदकता. 26 फेब्रुवारी 1991 रोजी आखाती युद्धातील ‘73 ईस्टिंग’च्या लढाईत इराकी टी-72 ची तोफ 125 मिलिमीटरची, तर अमेरिकी एम1ए1 ची 120 मिलिमीटरची होती, तरीही धुळीच्या वादळात ज्यांना आधी दिसले त्या अमेरिकनांनीच बाजी मारली. तोफेच्या व्यासावरून किंवा बुरुजाच्या घाटावरून बरोबरी सिद्ध करू पाहणाऱ्यांना या लढाईचे उत्तर देता येणार नाही.

तेव्हा ग्राह्य मत असे की, उत्तर कोरियाने एकच पाया धरून टप्प्याटप्प्याने केलेला हा विकास खरा आहे, पण त्याची दिशा उणीव झाकण्याची आहे. बुरुजाच्या बाजूला रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचे नळे बसवले गेले, कारण दूरच्या लक्ष्यावर केवळ तोफेने अचूक मारा करण्यासाठी लागणारी नेमयंत्रणा कमकुवत असली तर मार्गदर्शित क्षेपणास्त्र ती उणीव काही अंशी भरून काढते. सोनगुन-होवर विमानविरोधी क्षेपणास्त्रेही दिसतात; ज्या सैन्याच्या टी-34 रणगाड्यांनी 28 जून 1950 रोजी सेऊल घेतले आणि पुढे अमेरिकी हवाई हल्ल्यांत ज्यांची वाताहत झाली, त्याने प्रत्येक रणगाड्याला स्वतःचे आकाश राखायला लावावे, यात नवल नाही. हवाई वर्चस्वाची खात्री असलेल्या देशाला हा खटाटोप करावा लागत नाही.

गुप्ततेमुळे अशा देशाविषयी काहीच कळत नाही, हा समजही यातून फोल ठरतो. जे मढवता येते ते पुरावा म्हणून बाजूला ठेवावे आणि ज्याला कारखान्यातच हात घालावा लागतो ते मोजावे, एवढे पथ्य पाळले तर उत्तर कोरियाची घडवण्याची क्षमता मान्य करावी लागते आणि आर्माटाशी बरोबरीचा दावा मात्र अमान्य करावा लागतो.