अंगणवाडी फक्त खाऊपुरती नाही

पालकत्व शिकवणाऱ्या ॲपच्या जाहिराती हल्ली माझ्या फोनवर सारख्या येतात. मला मूल नाही, लग्नही व्हायचंय, पण अल्गोरिदमला वय पुरतं. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, त्यामुळे धंद्यावर राग नाही. राग आहे तो आपण निमूट मान्य केलेल्या वाटणीवर: वर्गणी भरणाऱ्याला समुपदेशक आणि बाकीच्यांना शेजारणीचे टोमणे.

यावर गावाकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे, ‘आमच्या वेळी कुठे होतं असलं काही?’ आमच्या कोकणात तरी हे उत्तर चालू नये. इथल्या किती पिढ्यांनी बाप पाहिला तो गणपतीला आणि शिमग्याला! उरलेलं वर्ष आई, आजी आणि मनीऑर्डर. आता मिरजोळ्यात एमआयडीसी आहे, नवरा-बायको दोघंही शिफ्टला जातात, आजी लांबच्या वाडीत. बंदरावर आणि बागांमध्ये कामाला आलेल्या नेपाळी कुटुंबांना तर तीही नाही.

गंमत अशी की, यावरचा उपाय आपल्याच राज्यात सापडला होता. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, इतका साधा विचार. अंगणवाडी तिथली. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. योजनेत सहा सेवा आहेत. खाऊ आणि लस सगळ्यांना माहीत. सहावी सेवा म्हणजे 15 ते 45 वयाच्या बायकांना आहार आणि आरोग्याचं शिक्षण. म्हणजे घराला आधार देण्याची जागा कागदावर आहे, पण तीही आईपुरती. बाप नावाचा प्राणी त्या कागदावर नाहीच.

आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांत ठरलेल्या भेटी देते, मग तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. वजन, लस, स्तनपान यांची चौकशी होते. पण बाळाची आई रात्री एकटी रडते का, हे विचारायला वेळ लागतो, प्रशिक्षण लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. अंगणवाडी सेविकेला आपण पगार नाही, ‘मानधन’ देतो. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. किती व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो विषय निघाला होता?

निघाला नाही, कारण आपली मुलं प्ले-ग्रुपला जातात. अंगणवाडी ‘त्यांची’. माझं खरं भांडण इथे आहे. जी सेवा फक्त गरिबांची म्हणून ठेवली जाते, तिच्या गळक्या छपराबद्दल ओरडणारं कुणी उरत नाही. फिनलंडनं 1938 मध्ये बाळंत्यांची पेटी द्यायला सुरुवात केली ती कमी उत्पन्नाच्या आयांना, 1949 पासून सगळ्यांना. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जायचं. पेटीच्या निमित्तानं श्रीमंत-गरीब एकाच दवाखान्याच्या रांगेत आले.

आपल्याला पेटी नको. रविवारी दोन तास अंगणवाडी उघडी हवी, सेविकेवर न लादता, वेगळं मानधन देऊन नेमलेल्या प्रशिक्षित माणसासह. बापांना नावानिशी बोलावणं हवं, आणि भाडेकरू कुटुंबांनाही.

पैसे कुठून, असं विचाराल. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो, मूल असो वा नसो. तुमच्या गावात गेल्या वर्षी त्यातून काय घेतलं, ते आधी विचारा. उत्तर शिलाई मशीन असं आलं, तर खाली बसू नका.