मजुरी परवडत नाही, ती का?

‘मजुरी वाढवली तर छोटा कारखानदार बुडेल.’ इचलकरंजीत मजुरीवाढीचा विषय निघाला की हे वाक्य येतेच. ते फक्त बडे शेठच म्हणतात असे नाही. आठ मागांचा खर्चीवाला यंत्रमागधारकही तेच म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. म्हणूनच या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवे.

खर्चीवाला व्यापाऱ्याच्या सुताची बिमे आणून ठरल्या दराने, म्हणजे खर्चीवर, कापड विणून देतो. वीजबिल त्याचे, सुटे भाग त्याचे, कामगारही त्याचेच; दर मात्र व्यापाऱ्याच्या हातात, आणि ठरलेले पैसेही महिनोन्‌महिने अडकतात. वीजबिल तर थांबत नाही. मग हात आखडतो तो मजुरीवरच. ही मजुरी पिकावर मोजतात: कापडाच्या इंचात आडवे धागे किती, त्यावर मीटरला काही पैसे. बारा तासांच्या पाळीत एक कामगार चार-सहा, कधी आठ माग सांभाळतो. इकडे धोट्यातली कांडी संपते, तिकडे ताण्याचा धागा तुटतो. माग थांबला की कमाई थांबली. वीज गेल्याचा तोटाही त्याच्याच पदरात.

म्हणजे परवडत नाही हे खरे, पण त्याचे कारण कामगाराची मागणी नव्हे. मागणी तरी काय मोठी आहे? १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाच्या हिशेबात प्रौढ माणशी २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन धरले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. घटनेच्या ४३ व्या कलमातले निर्वाह वेतन याच्याही वरचे आहे.

‘त्यापेक्षा मोठा प्रकल्प आणा’ असे दुसरे म्हणतात. जरूर आणा. पण एअरजेट मागांच्या कारखान्यात एक माणूस कितीतरी जास्त माग पाहतो. सायझिंग, वहिफणी, कांड्या भरणे, मेंडिंग, सुटे भाग यांवर गल्लोगल्ली जगणाऱ्या घरांना तिथे जागा कुठली?

उपाय कायद्यात आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात ४३बी (एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. कापड व्यापाऱ्यांनी ती पुढे ढकलण्याची मागणी केली. काम लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी नसलेल्यांकडे वळेल, असे सांगितले. ही भीती खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज तरतूद मागे घेणे नव्हे. प्रत्येक खर्चीवाल्याची उद्यम नोंदणी झाली पाहिजे. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी थकबाकीचे दावे आपल्या नावावर, एकेकट्या सभासदाला पुढे न करता, लढवले पाहिजेत. आणि मजुरीच्या बैठकीला कामगार संघटना व मालकांसोबत व्यापाऱ्यालाही बसवले पाहिजे. पिकामागे मजुरी जेवढी वाढेल, तेवढी खर्ची त्याच दिवशी, त्याच करारात वाढली पाहिजे.