राजीनाम्यानंतरचा जाहीरनामा

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा, जि. नंदुरबार

आम्ही पगाराच्या नोकऱ्या सोडून या भागात राहायला आलेली, किंवा येऊ घातलेली माणसं आहोत. कुणाच्या घरचा ऊस आहे, कुणाचे वडील साखर कारखान्यात कामाला होते, आणि काहींचा या मुलखाशी आजवर काहीच संबंध नव्हता. पुणे, मुंबई, सुरत, बंगळूरच्या कंपन्यांत आम्ही वर्षं काढली. टार्गेट, अप्रेझल, रात्री अकराचा कॉल, सगळं केलं. का सोडलं, ते सांगत बसत नाही. ज्यांनी ते भोगलंय त्यांना सांगावं लागत नाही. आता कसं जगायचं आणि कुणाच्या जिवावर जगायचं नाही, हे ठरवण्यासाठी आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत.

साधं राहणं हा काही आम्ही लावलेला शोध नव्हे. इथून उत्तरेला सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे लोक साधेच राहतात, कारण दुसरा इलाज नाही. हंगाम आला की तिथली कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांच्यासमोर ‘आम्ही आता कमीत भागवायला शिकलो’ असं म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. म्हणून आमच्या साधेपणाला अट आहे: तो दुसऱ्याच्या स्वस्त मजुरीवर उभा राहणार नाही. पाच एकर घ्यायचे, सालदार ठेवायचा आणि आपण ओट्यावर डोळे मिटून बसायचं, ही जुनी जमीनदारीच झाली, फक्त सदरा खादीचा.

नोकरी सोडून आलेला माणूस शहाद्याला नवा नाही. कुमार शिराळकर आयआयटी मुंबईत शिकलेले इंजिनिअर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते इथे आले. अंबरसिंग महाराज तेव्हा भिल्लांना संघटित करत होते. हातातून गेलेल्या जमिनी आणि सालदारांची पिळवणूक हे प्रश्न धगधगत होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. संघटनेतल्या बायकांनी दारूची मडकी फोडली. शिराळकर परत फिरले नाहीत. २ ऑक्टोबर २०२२ला त्यांचं निधन झालं, तोवर ते शेतमजुरांचं आणि आदिवासींचंच काम करत होते. आयआयटीचेच अच्युत गोडबोलेही त्या लढ्यात आले, काही दिवस तुरुंगात राहिले, पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांत मोठ्या पदांवर गेले आणि मग मराठीत भरपूर लिहिलं. एकाच संस्थेतून एकाच तालुक्यात आलेल्या या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आम्हाला दोघांबद्दल आदर आहे. नोकरी करणं हा गुन्हा नाही. हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण राजीनामा दिल्यावर माणसाला आपण इतरांपेक्षा पवित्र झालो असं वाटू लागतं, आणि तसा माणूस कुठल्याही साहेबापेक्षा सोसायला अवघड.

सुरुवात पुरुषोत्तमनगरातूनच का, असं आम्हाला विचारलं जातं. ही वस्ती सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची, आणि तिला नाव कारखाना उभारणाऱ्या पी. के. अण्णा म्हणजे पुरुषोत्तम पाटील यांचं. एकेकट्या शेतकऱ्याला जे झेपलं नसतं ते भागभांडवल गोळा करून उभं राहतं, हे आमच्यातल्या निम्म्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. त्याच सुमाराला त्याच तालुक्यात, ज्याच्याकडे ना ऊस ना सातबारा, त्याने श्रमिक संघटनेत नाव घातलं. कारखान्याचा सभासद व्हायला शेत लागतं. ज्याला शेत नाही त्याच्या वाट्याला कोयता. या दोन्ही गोष्टी आम्हाला एकत्र लक्षात ठेवायच्या आहेत. पैसा, अवजारं, घरं आम्ही सामाईक करू, आणि या सामाईकात कोण बाहेर राहिलं हे दर बैठकीत विचारू.

घरातलं बोलतो. बहुतेक वेळा नोकरी सोडतो नवरा आणि खर्च ओढते बायको. यांना आता कविता करायच्या असतात. तिला हप्ता भरायचा असतो. असल्या राजीनाम्याला आमचा पाठिंबा नाही. आधी कर्ज फेडा, आईवडिलांच्या औषधपाण्याची सोय लावा, निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा, आणि जोडीदाराचा होकार मनापासूनचा आहे की नाइलाजाचा, हे नीट पाहा. स्वयंपाक, भांडी, धुणं यांच्या पाळ्या लागतील. त्यातून कुठल्याही कलावंताला सूट नाही.

कलेचं म्हणाल तर हाताने काही घडवल्याशिवाय आमच्याकडे दिवस पुरा धरला जाणार नाही. अरविंद गुप्ता टेल्कोत इंजिनिअर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे काड्यापेटीतल्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून मुलांना भूमितीचे आकार करून दाखवले. इंजिनिअरिंग त्यांनी सोडलं नाही, फक्त ते कुणासाठी करायचं ते बदललं. आम्हालाही तेच हवं आहे. हिशेब येणाऱ्याने ऊसतोड मजुरांच्या मुकादमाकडची उचल आणि वजावट तपासून द्यावी. यंत्र कळणाऱ्याने धडगावच्या आमचुरासाठी कैऱ्या चिरायचं आणि वाळवायचं बायकांचं कष्टाचं काम हलकं करावं. लिहिता येणाऱ्याने आधी ऐकायला शिकावं. पावरी आणि भिलीतल्या गोष्टी मराठीतल्या गोष्टींइतक्याच जुन्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्याचं नाव पुस्तकावर आलं पाहिजे.

सजग जगणं, सजग जगणं असं हल्ली फार ऐकू येतं. त्यासाठी मोबाईलवर घंटा वाजवणारी ॲप निघाली आहेत. आम्ही एवढंच बघू की आपल्या बांधावर काम करणाऱ्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे का, तिचं पोर शाळेत जातं का, आपली मोटार चालू असते तेव्हा शेजारच्या विहिरीत पाणी उरतं का.

सभासद व्हायला डिग्री लागत नाही, राजीनामाही लागत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी पगाराची पावती पाहिली नाही, त्यांना निर्णयाच्या बैठकीत निम्म्या जागा आहेत. पहिल्या बैठकीतला पहिला विषय मजुरीचा दर आहे, आणि तो आम्ही मांडणार नाही. तो मजूरच सांगतील.