खाटेजवळची बाटली

"सासूबाईंचा गुडघा बदलला, तेव्हा खाटेजवळ रक्ताची बाटली लावलेली होती. आता जाऊबाईंचा बदलला, तर नळीही नाही आणि बाटलीही नाही. मग आतले रक्त जाणार कोठे?" गिरगावातील एका भगिनींचा हा प्रश्न. घरातील मंडळींनी तर डॉक्टरांकडून हयगय झाली, असा निष्कर्षही काढून टाकला होता. प्रश्न अनेक कुटुंबांचा आहे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

गुडघेरोपणाची चर्चा आपल्या घराघरांत रंगली ती ऑक्टोबर २००० मध्ये. ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला; पुढील जूनमध्ये उजवा. त्या काळात अशा शस्त्रक्रियेनंतर नळी ठेवणे हा सर्रास शिरस्ता होता आणि त्यामागे विचारही होता. रोपणासाठी हाड कापावे लागते व कापलेल्या हाडातून रक्त पाझरत राहते. ते आत साचले तर सूज व वेदना वाढतील, जंतूंना आश्रय मिळेल, ही भीती. म्हणून सांध्यात बारीक नळी ठेवून बाटलीतील निर्वाताने रक्त बाहेर ओढले जाई.

परंतु या युक्तिवादाची दुसरी बाजू हळूहळू पुढे आली. सांध्यात थोडे रक्त साचले की त्याचाच दाब पाझरणाऱ्या वाहिन्यांवर पडतो आणि स्राव आपोआप थांबू लागतो. नळी तो दाब टिकू देत नाही. त्यामुळे एकूण रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय नळी अधिक काळ राहिली, तर जंतूंना तीच वाट मिळण्याचा धोका. २००७ मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी अस्थिशल्यक्रियांसंबंधीच्या ३६ चाचण्यांतील ५,४६४ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. नळी असो वा नसो, जंतुसंसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. नळी असलेल्यांना बाहेरून रक्त देण्याची वेळ मात्र अधिक आली. नळी नसलेल्यांना पट्टी अधिक वेळा बदलावी लागली व त्वचेवर काळे-निळे डाग जास्त दिसले. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीनेही २०१५ मध्ये गुडघेरोपणात नळी न वापरण्याची शिफारस केली. आता ट्रानेक्झॅमिक ॲसिड या औषधाने रक्तस्राव बराच आटोक्यात राहतो.

म्हणजे जाऊबाईंच्या बाबतीत हयगय झाली, असे केवळ बाटली नसल्यावरून म्हणता येणार नाही. उलट नळी-बाटलीचे लोढणे नसले, की त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी उभे राहणे, चार पावले टाकणे सोपे जाते. चाळीचा जिना पुन्हा चढण्याची तयारी त्या चार पावलांतूनच सुरू होते. मांडीचे डाग व सूज पाहून घाबरून रुग्णास झोपवून ठेवणे, ही मात्र घरच्यांची चूक ठरेल.

तथापि नळी सर्वथा त्याज्य, असेही नव्हे. रोपण दुसऱ्यांदा करताना, सांध्यात पू झाला असताना वा रक्तस्राव आवरत नसताना शल्यविशारद ती विचारपूर्वक ठेवतात. साधारणतः एक-दोन दिवसांत काढतात. ठेवली असल्यास बाटली जखमेच्या पातळीखाली असावी, नळी दुमडू नये आणि तिला घरच्यांनी हात लावू नये. नळी असो वा नसो, पट्टी वारंवार भिजणे, ताप, वाढत जाणारी वेदना किंवा पोटरीत दुखून सूज येणे, यांपैकी काही दिसल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. धाप लागली वा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब नको.

शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे, "नळी ठेवणार का, आणि का?" उत्तर समजून घेतलेले कुटुंब नंतर बाटली शोधत बसत नाही, ते रुग्णाला हात देऊन उभे करते. आणि ज्या रक्ताची गरज पडली नाही, ती कोणा दात्याने दिलेली पिशवी दुसऱ्या एखाद्या जिवासाठी शिल्लक राहते.