न विकली गेलेली लुना

गेल्या महिन्यात मामींचा फोन आला. ‘‘अगं, गोडाऊन रिकामं करायचंय. मुलं म्हणतात भाड्याने देऊन टाकू. तू येतेस का दोन दिवस? मला एकटीला काही सुचत नाही.’’ श्रीगोंदा तालुक्यातल्या त्यांच्या गावात मामांचं मोपेडचं दुकान होतं. ते बंद पडून वीसेक वर्षं झाली. मामा जाऊनही आता बराच काळ लोटला.

शटर वर करायला दोन माणसं लागली. आत जुने टायर, फाटके फलक, हिशेबाच्या वह्या. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं. ताडपत्री ओढली तर खाली लुना! सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. टायरला भेगा गेल्या होत्या, वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, पण मीटरवर सगळी शून्यं. एक किलोमीटरही न चाललेली, कधी विकलीच न गेलेली गाडी.

आपल्या नगरकरांना लुनाचं वेगळं सांगायला नको. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये ही पन्नास सीसीची मोपेड बाजारात आणली. दौंड रोडच्या कारखान्यामुळे नगरचं नाव देशभर गेलं. वजनाला हलकी, गिअरची कटकट नाही, पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी या. शिक्षक, दूधवाले, पोस्टमन यांच्याबरोबरच नर्सबाई आणि मास्तरीणबाईही तिच्यावर बसल्या. साडी नेसून चालवता येईल अशी गाडी बायकांना तोवर मिळाली होतीच कुठे? पुढे 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, नव्वदच्या दशकात स्कूटी आली आणि लुना मागे पडली.

मामींचा धाकटा नातू मोबाइलवर शोधून लगेच सांगायला लागला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे लॅम्ब्रेख्त नवरा-बायकोने शेव्हरलेचं दुकान पन्नास वर्षं चालवलं आणि 1996 मध्ये बंद केलं. न खपलेल्या गाड्या त्यांनी तशाच ठेवून दिल्या होत्या. सप्टेंबर 2013 मध्ये लिलाव झाला, तेव्हा पाचशेच्या आसपास गाड्या निघाल्या आणि बघायला हजारो लोक लोटले. जेमतेम दोन किलोमीटर चाललेला 1958 सालचा एक पिकअप एक लाख चाळीस हजार डॉलरला गेला! ‘‘आजी, आपली लुनापण अँटिक आहे. हौशी लोक चांगले पैसे देतील,’’ नातू म्हणाला.

मामी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, ‘‘मामी, ही एकच कशी राहिली हो?’’

‘‘शाळेतल्या बाईंनी बुक केली होती. रोज पाच किलोमीटर चालत जायच्या बिचाऱ्या. सासऱ्यांनी पैसे परत मागून नेले. सून गाडीवर फिरली तर लोक काय म्हणतील! मग मी यांना म्हटलं, नाहीतरी पडून आहे, मला शिकवा. हे म्हणाले, अगं, विकायची वस्तू आहे ती, वापरली की सेकंडहँड होते. गिऱ्हाईक येईल, थांब. गिऱ्हाईक काही आलं नाही. आणि मीही परत विचारलं नाही.’’

मामा वाईट नव्हते. मामींना त्यांनी कधी कशाला कमी पडू दिलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. एका लुनावर दोन बायकांचा जीव होता. दोघींनाही ती मिळाली नाही आणि दुकानाचाही फायदा झाला नाही. वस्तू नवीकोरी ठेवण्याच्या नादात ती कुणाच्याच कामाची राहिली नाही.

आता तर ती रस्त्यावरही येऊ शकत नाही. 31 मार्च 2020 नंतर बीएस-चार गाड्यांचीसुद्धा नवी नोंदणी बंद झाली, मग या दोन स्ट्रोकच्या इंजिनाला कोण विचारतो? 2021 च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ वाहनांना वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि तीही रोज वापरता येत नाही. म्हणजे शोभेलाच ठेवायची.

बचत गटाच्या बैठकीत मी मुद्दाम विचारलं, कुणाच्या घरी दुचाकी आहे? जवळजवळ सगळ्यांचे हात वर. कोण चालवते? बोटांवर मोजण्याइतक्या. ‘‘पडशील’’, ‘‘काम काय तुझं बाहेर?’’, ‘‘मी सोडतो ना’’ ही कारणं आजही तीच आहेत. बँकेत जायचं तर मुलाला सुट्टी कधी ते पाहायचं. रात्री लेकरू तापलं तर शेजाऱ्याचं दार वाजवायचं. गाडी अंगणात उभी, पण तिची किल्ली कुणाच्या खिशात?

आपणही काही कमी नाही हं! चांगला डिनर सेट पाहुण्यांसाठी, रुखवतातलं शिलाई मशीन ‘पुढे बघू’ म्हणून माळ्यावर, बी.ए.चं सर्टिफिकेट ट्रंकेत. मीसुद्धा लग्नानंतर बारा वर्षं ते बाहेर काढलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, मीच ‘थांब’ म्हणत राहिले.

म्हणून मैत्रिणींनो, या दिवाळीत माळे साफ कराल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थोडं थांबा. कुठल्या वस्तूबरोबर कुणाची इच्छा गुंडाळून ठेवली गेली, ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. आणि मुलीला, सुनेला गाडी शिकवायची असेल तर याच महिन्यात शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरा. मुहूर्त पाहू नका. लुना आता 2024 पासून बॅटरीवरही आली आहे. मामींच्या नातसुनेने चालवायला घेतली तर मला आनंदच होईल.

निघायच्या दिवशी सकाळी गोडाऊनमध्ये खुडबुड ऐकू आली. जाऊन पाहिलं तर लुना स्टँडवर उभी आणि प्लॅस्टिक काढलेल्या सीटवर मामी! साखळीला खोबरेल तेल घातलेलं. पदर खोचून पॅडल मारत होत्या. मागचं चाक आधी कुरकुरलं, मग हळूहळू फिरायला लागलं.

‘‘विकायची नाही गं ही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सेकंडहँड झाली आता.’’