नाचून पोट भरतं का?

परवा रात्री साडेदहाला ताईचा (म्हणजे मावसबहिणीचा) फोन. "अरे, तू समजाव बाबा तिला. तुझं ऐकते ती."

तर झालं असं, की भाचीला बारावीत ८१ टक्के पडले आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक घेऊन बीए करणार. घरात एकदम सुतक!

गंमत बघा. हीच ताई दहा वर्षं पोरीला स्कूटरवरून क्लासला सोडत होती. दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळाले तेव्हा पेढेही वाटले. म्हणजे नाच गुणांपुरता चालतो, पदवीला नाही.

आपण पडलो आयटीवाले. समजवायला गेलो ते लॅपटॉप घेऊनच. भाचीला शेजारी बसवलं आणि एक्सेल उघडलं.

पहिली ओळ क्लासची. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती काढली, तेव्हापासून पुण्याला हा रस्ता माहीत आहे. समजा ३० मुली, महिना १२०० रुपये फी, म्हणजे ३६,००० रुपये. त्यातून हॉलचं भाडं वजा. दुसरी ओळ शाळेची. सीबीएसईत अकरावी-बारावीला कथक विषय घेता येतो, तो शिकवायला माणूस लागतोच. तिसरी प्राध्यापकीची: एमए, मग नेट, आणि जागा मोजक्याच. चौथी ओळ कार्यक्रमांची. तबला, लेहरा, पोशाख, हॉल...

"मामा, ही ओळ लाल का झाली रे?"

"कारण सुरुवातीला तुलाच खिशातून घालावे लागतील."

ती गप्प झाली. पण रडली नाही, हे महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर 'स्कोप आहे का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. कामं आहेत. पण एका ठिकाणाहून पगार येत नाही, तीन-चार ठिकाणांहून थोडे थोडे येतात, आणि त्याला वेळ लागतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की पहिली पाच वर्षं घर कोण चालवणार? इंजिनियरिंगसाठी आपण लाखांनी कर्ज काढतो, तेव्हा आपणही पोराला वेळच विकत घेऊन देत असतो ना? ज्या घराला हा वेळ देणं जमणार नाही, तिथे मी 'आधी नोकरी बघ' असंच सांगेन. ताईकडे जमेल.

आता कबुली. आमच्या अ‍ॅन्युअल डेच्या कमिटीत मी होतो. कोरिओग्राफर मुलगी, नृत्यातली एमए. सहा आठवडे आमच्यासारख्या ४० ठोंब्यांना नाचवण्याचे तिने २० हजार मागितले. आम्ही घासाघीस करून १२ वर आणले. घासाघीस करणारा मीच. केटररचं बिल मात्र एक शब्द न बोलता पास केलं! 'नाचून पोट भरतं का' म्हणून विचारणारे आपणच, आणि ते भरू न देणारेही आपणच.

हे ताईला सांगितलं नाही. भाचीला सांगितलं. म्हणाली, "मामा, पहिला धडा मिळाला. भाव आधी लेखी घ्यायचा."

मंगळवारी फॉर्म भरतोय. ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. असो. या वर्षीही कमिटीत मीच आहे, आणि त्या मुलीला फोन करायचाय. २० हजारांचा.