उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?

रविवारी संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या गच्चीवर खडूने पाच बाय पाच घरं आखली. एका कोपऱ्यात कळशी, मध्ये दोन कुंड्या. सात वर्षांची भाची झाली हुकूम सोडणारी, तिचा धाकटा भाऊ झाला रोबो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हुकूम लिहिले होते : एक घर पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. आधी तिने सगळ्या पत्रिका ओळीने मांडायच्या, मग त्याने मुकाट तसंच चालायचं.

पहिल्याच फेरीत तो कुंडीपाशी जाऊन अडला. ‘अरे, उजवीकडे!’ ती ओरडली. तो उजवीकडेच वळला होता, पण स्वतःच्या. त्याचं तोंड होतं तिच्याकडे. माझ्या ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं. तिने दोनदा पत्रिकांची उलथापालथ केली, मग उठून भावाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, हात पुढे करून पाहिला आणि परत येऊन नेमकी तिसरी पत्रिका बदलली. रोबो कळशीपर्यंत पोचला.

संगणकीय विचार म्हणतात तो हाच. कामाची लहान पावलं पाडायची, ती क्रमाने लावायची आणि बिघडलं तर कुठलं पाऊल चुकलं ते हुडकायचं. सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्या हुकमांवर जमिनीवर एक यांत्रिक कासव चालू लागलं. कासव अडलं की मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघावं, असं पॅपर्ट सांगत. भाचीने ते कुणी न सांगता केलं. २००७चं ‘स्क्रॅच’ आणि पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं २०१४चं ‘स्क्रॅच ज्युनिअर’ त्याच घराण्यातलं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगला सहावीपासूनच्या टप्प्यात जागा दिली आहे. त्याआधीची वर्षं खेळांची आणि कोड्यांची. तरीही पहिलीतल्या मुलांच्या आईबापांना ‘मूल मागे पडेल’ अशी धास्ती घालून क्लास विकले जातात, याचा मला राग येतो. दुसऱ्या चुकीलाच उत्तर चमकवून दाखवणारे मोबाइलवरचे खेळही मला नकोसे वाटतात. तिसरी पत्रिका शोधण्याची संधीच ते मुलाकडून हिरावून घेतात.

एसीएम इंडिया या संगणकक्षेत्रातल्या संघटनेच्या ‘सीएसपाठशाळा’ उपक्रमाने संगणकाशिवाय खेळायच्या कृती तयार केल्या आहेत. आपल्या घरातही माल कमी नाही. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आलं तर ड्रम लाव, भरेपर्यंत थांब, भरला की नळ बंद कर : हे इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. तेच पत्रिकांवर लिहायला लावा. ठिपक्यांच्या रांगोळीत एकच वळण किती वेळा येतं ते मोजायला सांगा.

शाळांनी आठवड्यातला एक तास याला द्यावा, मराठीतून, अंगणात. आणि मूल अडलं की मोठ्यांनी मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे म्हणावेत. त्या दिवशी मी साठच्या पुढे गेलो नव्हतो, तोवर भाची उठली होती.